जावई एक, सून नको

६ फेब्रुवारी

काकांना नमस्कार,

तुम्ही मला एकदाच पाहिलंय, आमच्या लग्नात, आणि तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. त्यामुळे ओळख पटायला वेळ लागेल. तुमच्या कातरीची मी सून. बाइंडिंगखान्यात मामंजींना सगळे कातरी म्हणायचे, कारण कागद कापायचं मशीन त्यांच्याकडे होतं, आणि तुम्हाला खळ्या, कारण पुस्तकं चिकटवायची खळ तुम्ही शिजवायचात. "आमचा खळ्या असता तर" हे वाक्य या घरात अधूनमधून ऐकू यायचंच. मी तुम्हाला खळ्या म्हणणार नाही, काळजी नसावी.

आधी फोन केला होता. तुम्ही "आम्हाला विमा नको" म्हणून ठेवून दिलात. दोनदा. कानांची तक्रार ऐकून होते, म्हणून हे पत्र.

बातमी वाईट आहे, पण वाईटातली बरी. मामंजींना मागच्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला. जिवावरचं टळलं. उजवा हात गेला, पाय आता थोडा उचलतात. वाचा मात्र अडकली आहे. दोनचार शब्द येतात, तेच ते आणि तेच ते. बोलणं शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणतात, आत सगळं जागच्या जागी असू शकतं, फक्त बाहेर यायची वाट बुजलेली असते. जे शब्द येतात ते कुठले आहेत हे जुन्या सोबत्यांना विचारा. मला जुना सोबती एकच ठाऊक.

तर विचारायचं असं. ते सारखी सासूची आठवण काढतात आणि जावयाला बोलावतात. त्यांच्या सासूबाईंना जाऊन जमाना झाला. जावई म्हणजे आमच्या ताईंचे, माझ्या नणंदेचे यजमान. ते बसने तासाभरावर राहतात. कामावर असताना मामंजींनी या दोघांबद्दल तुमच्यापाशी कधी मन मोकळं केलं होतं का? काही बोलायचं राहून गेलंय का? दुखण्यात माणूस मागचं उकरून काढतो म्हणतात.

अजून थोडं आहे, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुमची
कातरीची सून


१५ फेब्रुवारी

सूनबाईंना आशीर्वाद,

विम्याबद्दल माफ करा. मला फोनवर सगळेच विमेवाले वाटतात. परवा माझ्या सख्ख्या भावालाही तेच सांगितलं.

तुमचं पत्र हिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणजे आता आमच्या अख्ख्या जिन्याला कातरीची तब्येत माहीत झाली आहे. खालच्या मजल्यावरचे शिंपी येऊन चौकशी करून गेले. कातरीने माझ्या पत्राला उत्तर पाठवलं नाही म्हणून मी गेला महिनाभर त्याच्यावर रुसून बसलो होतो. आता कळलं, की हात गेलाय. रुसवा परत घेतला असं त्याला सांगा.

आमचा कातरी बोलतानाही कडा छाटून बोलायचा. जिथे मी अर्धा तास घ्यायचो तिथे तो "हं" म्हणायचा. अशा माणसाचे दोनचारच शब्द उरावेत म्हणजे काय ते!

सासूबद्दल तो वाईट बोललेला मला आठवत नाही. ती राहायला आली की कामावर लवकर यायला लागायचा, एवढंच. जावयाबद्दल लग्न ठरलं तेव्हा म्हणाला होता, "पोरगा चांगला आहे, बोलतो फार." यापेक्षा जास्त स्तुती त्याने आमच्या बाइंडिंगखान्याच्या साहेबांचीही केली नाही.

माझ्या मते त्याला लेकीच्या संसाराची काळजी लागली असावी. हिचंही तेच मत आहे. जावईबापूंना बोलवा, त्याच्यासमोर बसवा, हातात हात देऊ द्या. मन हलकं होईल.

आणि पत्रात लिहिण्यासारखं नाही, तेच पत्रात लिहायचं असतं. बाकीचं बोलायला शेजारीपाजारी आहेतच.

तुमचा
खळकाका (असं चालेल)


२६ फेब्रुवारी

काका,

तुमचा सल्ला ऐकला आणि फजिती झाली.

ताई आणि त्यांचे यजमान रविवारी आले. पिशवीभर फळं घेऊन आले. जावईबापूंनी खुर्ची अगदी पलंगाला टेकवून ओढली आणि म्हणाले, "बाबा, मी आलोय." मामंजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वच्छ म्हणाले, "जावई." आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. जावईबापूंनी त्यांचा हात धरला. मामंजींनी तो सोडवून घेतला, त्यांच्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणाले, "जावई एक."

"एकच आहे हो बाबा," जावईबापू म्हणाले, "तुम्हाला मुलगीच एक."

मग मामंजी चिडले. डावा हात पलंगावर आपटून तेच पुन्हा मोठ्याने. ताईंनी कुठेतरी वाचलंय की काळ्या कॉफीने मेंदू जागा होतो, म्हणून त्या कॉफी करून घेऊन आल्या. कप नाकाशी गेला तसं मामंजींनी तोंड फिरवलं. "सासू नको." ताईंचा चेहरा पडला. त्यांची आजी ती, त्यांना फार लळा होता तिचा.

आता जे लिहिलं नव्हतं ते लिहिते. तिसरा एक शब्द आहे. ते म्हणतात, "सून नको."

रोज सकाळी म्हणतात. मी पहाटे उठून चहा टाकते, कारण नंतर ह्यांचा डबा, माझं आवरणं, सगळं एकदम अंगावर येतं. मामंजींना उठवून, तोंड धुवून, उशा लावून बसवेपर्यंत चहा गार होतो. मग मी तो पुन्हा गरम करते. कधी पुन्हा एकदा. कप घेऊन समोर उभी राहिले की माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "सून नको." कप डाव्या हाताने बाजूला सारतात. मी तो घेऊन परत जाते.

औषधाच्या दुकानात काउंटरवर मी उभी असते. कुठल्याही डॉक्टरचं अक्षर मला लागतं, त्यासाठी इतर दुकानांतूनही चिठ्ठ्या येतात माझ्याकडे. आणि घरातल्या माणसाचे दोन शब्द लागेनात, असं मी स्वतःला समजावत होते. पण यात लागण्यासारखं आहे तरी काय? सून नको म्हणजे सून नको.

रविवारी ते ताईंनी ऐकलं. त्या वाईट नाहीत हो. पण म्हणाल्या, "बोलता येत नाही तरी सांगतायत बिचारे. माझ्याकडेच नेते मी बाबांना." हे म्हणाले, "बघू." आमच्या ह्यांचं "बघू" म्हणजे हो. येत्या रविवारी नेणार. ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर गेले की मामंजी पुन्हा खाली उतरायचे नाहीत. इथे अंगण आहे, भिंतीला धरून चार पावलं टाकायला लागले होते. खिडकीखाली त्यांचं टेबल आहे, त्यावर त्यांचा पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा. त्याचा स्क्रू डाव्या हाताने फिरवत बसतात.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मामंजींनी मला कधी कशानेच हाक मारली नाही. खोकायचे, आणि मी जायचे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, तो त्यांचा स्वभाव. पण 'सून' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तो 'नको'ला जोडून. काका, मला राग आलाय. लाजही वाटते. आणि सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं, की मला ते आवडतात.

तुमच्याकडून आता काही नको. सांगावंसं वाटलं, सांगितलं.

तुमची
(कुणाची सून ते आता लिहीत नाही)


२ मार्च, कुरियरने

सूनबाई,

आधी पुढचं वाक्य वाचा, बाकीचं मग सावकाश. तो तुम्हाला नको म्हणत नाहीये. तो चहा नको म्हणतोय.

पत्र ऐकताना "जावई एक" येताच मी एवढ्याने ओरडलो, की हिच्या हातून चष्मा पडला. अहो, पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलंत, सासूची आठवण काढतात, जावयाला बोलावतात. त्याचं बोलणं तुम्ही शहाणं करून पाठवलंत. "सासू नको, जावई एक" असं जसंच्या तसं कळवलं असतंत, तर त्या बिचाऱ्या जावईबापूंची फळं वाचली असती.

आता ऐका. आमच्या बाइंडिंगखान्यात चहाला बंदी होती. एकदा कुणाच्यातरी कपाचा गोल डाग एका जाडजूड पुस्तकाच्या छापील कागदांवर उमटला, खालपर्यंत मुरला, आणि सगळे कागद वाया गेले. त्या दिवसापासून साहेबांनी फर्मान काढलं, कामाच्या जागी चहा नाही, कॉफी नाही, नावसुद्धा काढायचं नाही. आता माणसाने शिलाई मारायची, सरस लावायचा, पुठ्ठे ओढायचे, आणि चहा नाही? मागच्या खोलीत माझी खळीची शेगडी होतीच. खळ उतरली की त्यावर दुसरं भांडं चढायचं. प्रश्न होता तो साहेबांच्या कानांवरून मागणी पाठवायचा.

मग आम्ही नावं पाडली. काळी, कडू, बिनदुधाची कॉफी म्हणजे सासू. भरपूर दूध, भरपूर साखर, वर सायीचा पापुद्रा असा चहा म्हणजे जावई. साय तेवढीच पण साखर बेताची, तो घरजावई: मान आहे, गोडी नाही. साहेबांना त्यांच्या केबिनमध्ये बाहेरून कपबशीतून यायचा तो पांचट चहा म्हणजे वरमाय. कापायच्या मशीनवरून कातरी हाक द्यायचा, "खळ्या, जावई दोन, सासू एक!" आणि मी आतून विचारायचो, "वरमाय रुसली नाही ना?" साहेबांना वाटायचं, किती घरगुती माणसं आहेत! येता-जाता कातरीच्या पाठीवर हात ठेवून विचारायचे, "काय, सासूबाई बऱ्या आहेत ना?" तो म्हणायचा, "कडू आहेत, पण आहेत."

आणि सून. हे नाव खुद्द कातरीने पाडलं. सकाळी केलेला, शेगडीवर तसाच राहिलेला, जो येईल तो पुन्हा गरम करून घेतो असा चहा. आम्ही विचारलं, याला सून का रे? तर म्हणाला, "पहाटेपासून चुलीपाशी उभी असते. खाली कुणी उतरू देत नाही." सगळे हसले. तो हसला नव्हता. तुमच्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या, घरात माणसं ढीगभर. माझ्या लक्षात राहिलं ते त्याचं न हसणं.

म्हणून तो म्हणतोय, सून नको. म्हणजे काय, तर पुन्हा तापवलेला नको, ताजा टाका. डोकं शाबूत आहे त्याचं, जीभही शाबूत आहे. तुमच्या चहाला त्याने बरोब्बर ओळखलंय. फक्त मागणी नोंदवतोय तो बाइंडिंगखान्यात.

साखरेचं डॉक्टरांना विचारा, आणि घरजावई करून द्या. त्याला सांगा, खळ्याने पाठवलाय.

तो ताईंकडे गेला असेल तर तिथे जाऊन करा. पण करा.

खळकाका

ही म्हणते, तुम्हा दोघा म्हाताऱ्या मेल्यांना फटके दिले पाहिजेत असल्या नावांसाठी. पण म्हणताना हसत होती.


१४ मार्च

काका, आणि काकू,

जीव भांड्यात पडतो म्हणतात ते भांडं कोणतं, ते मला आता नक्की माहीत आहे. ताईंच्या ओट्यावरचं, कडेला पोचा आलेलं, एका कानाचं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मामंजी ताईंकडे जाऊन एक दिवस झाला होता. मी दुकानात होते. पाकीट तिथेच फोडलं आणि समोर गिऱ्हाईक असताना हुंदका आला. ते खोकल्याचं औषध मागत होते, घाबरून म्हणाले, "नसेल तर राहू दे." मालकांना सांगितलं आणि तशीच बस पकडली. दवाखाना वाटेतच आहे, तिथे उतरून साखरेचं विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा चमचा चालेल. एका चहासाठी एवढी धापा टाकत आलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

ताईंनी दार उघडलं. चेहरा उतरलेला. मामंजींनी कालपासून नुसतं पाणी घेतलं होतं. पत्राचं न सांगता मी सरळ स्वयंपाकघरात गेले. सांगून मग खरं निघालं नाही तर? ती भीती होतीच. ताजा चहा टाकला, साखर अर्धा चमचा, दुधावरची साय चमच्याने अलगद वर सोडली. घाईत साय दोनदा बुडाली.

मामंजी खिडकीकडे तोंड करून पडले होते. मी कप समोर धरला आणि साहेबांच्या कानांवरून जायला हवं अशा आवाजात म्हणाले, "घरजावई एक! खळ्याने पाठवलाय."

ते वळले. कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि हसले, काका. तोंडाची डावीच बाजू हसते आता, पण पुरेशी हसते. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसणं थांबेना. कप हातात घेऊन एका दमात संपवला आणि मिशीवरची साय जिभेने ओढून घेतली.

आतून जावईबापू आले. "घरजावई कोण? अहो, हे घर माझं आहे!"

मग मी तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. ताई आधी रडल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी बाबांना कालपासून सासू पाजायला बघत होते!" तेव्हा मामंजींनी मान डोलावली, अगदी गंभीरपणे. ताई माझ्या गळ्यात पडल्या. मला वाटत होतं मी त्यांच्यावर चिडणार आहे, पण चिडायला जागाच उरली नव्हती. इतकं हलकं वाटत होतं, की मीही उभ्या उभ्या सासूचा उरलेला कप पिऊन टाकला. कडू आहे, पण आहे.

संध्याकाळी हे आले. ह्यांनी, जावईबापूंनी आणि दोन शेजाऱ्यांनी मिळून मामंजींना खुर्चीसकट खाली उतरवलं. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची जरा कलली, तेव्हा मामंजींच्या तोंडून एक नवा शब्द निघाला. तो मी पत्रात लिहीत नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाईंना मात्र फार आनंद झाला. म्हणाल्या, वाट मोकळी होतेय.

आता रोज ताजा. ह्यांना मी सांगितलं, डबा तुमचा तुम्ही भरा. भरतात. डब्यात काय भरतात ते विचारत नाही.

आता एक शंका. चार दिवसांपासून मामंजी एक नवीन मागतायत. मी घरजावई घेऊन गेले की कप घेतात, पण पीत नाहीत. म्हणतात, "सून बस." मला वाटलं, बस म्हणजे पुरे. पण चहा तर ताजाच असतो, सून मी कधीच बंद केली. मग वाटलं, चहा जरा खाली बसू द्यायचा असेल, गाळ तळाशी जाईपर्यंत. तसा करून नेला. नाही. पातळ करून नेला, दाट करून नेला, उभ्या उभ्या चार प्रकार केले. तेच, "सून बस." शेजारच्या स्टुलावर डावा हात आपटतात आणि माझ्याकडे बघत राहतात. काल तर चांगलेच चिडले. चहा पुन्हा गार झाला.

तुम्ही नावं लिहिलीत त्यात हे नाव नव्हतं. विसरलं असेल. 'सून बस' कसा करायचा, साखर किती, साय घालायची की नाही, ते लगेच कळवा. आता कुठे सगळं सुरळीत झालंय, एवढ्याशा चहापायी पुन्हा बिनसायला नको.

तुमची
कातरीची सून


१९ मार्च

सूनबाई,

ही तुमचं पत्र वाचता वाचता शेवटी थांबली. मी म्हटलं, पुढे वाच. तर म्हणाली, "एवढी हुशार मुलगी, चिठ्ठ्या वाचणारी!" आणि पत्र माझ्या हातात देऊन आत निघून गेली. शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी वाचला, भिंग लावून.

मी खूप आठवून पाहिलं. बाइंडिंगखान्यातल्या दोघा जुन्या माणसांनाही विचारलं. 'सून बस' नावाचा चहा आमच्याकडे कधीच नव्हता.

तो बाइंडिंगखान्यात नाहीये आता. घरी आहे, आणि तुमच्याशी बोलतोय.

कप दोन भरा. स्टूल ओढा. आणि बसा.

खळकाका